वाकलेली मान म्हणजे नम्रता नव्हे!



एखाद्या ठार बहिऱ्या माणसाला आपल्या गावच्या चावडीसमोर नेऊन बसवा. त्याला एक शब्दही ऐकू येणार नाही. तरीही घटकाभरात तो त्या गावाची सारी उतरंड तुम्हांला बिनचूक सांगेल. कोण खुर्चीवर रेलून बसला आणि कोण पायरीखाली उभा राहिला, कोणी चप्पल पायांत ठेवली आणि कोणी हातात घेतली, कोणाची नजर समोर आणि कोणाची मातीत, कोण किती हात लांब थांबला, एवढे पाहिले की त्याला पुरे. मनुष्य तोंडाने बोलतो त्याहून पुष्कळ तो शरीराने बोलून जातो. या भाषेस हल्ली देहबोली असे नाव पडले आहे. मी आज तुमच्याशी तिच्याविषयीच बोलणार आहे. कारण धम्मदीक्षा घेऊन तुमची वाणी मोकळी झाली असली, तरी अनेकांच्या मानेला, नजरेला आणि पावलांना अजून दीक्षा मिळावयाची आहे.

शहरोशहरी हल्ली देहबोलीचे वर्ग निघाले आहेत. तेथे आपल्या मुलांना सांगण्यात येते, “ताठ बसा, नजर भिडवा, हात जोडून बोलू नका, तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे.” सल्ला वरवर वाईट नाही. परंतु मी त्या गुरुजींना विचारतो, हा आत्मविश्वास गेला कोठे? तो मुलाच्या आळसाने गेला, की पिढ्यान् पिढ्या हिसकावून घेण्यात आला? ज्याची मान दुसऱ्याने दाबून ठेवली, त्यालाच मानेच्या दोषाबद्दल दूषण देणे हा कोठला न्याय? याच वर्गांतून असेही ठोकून देण्यात येते की, संभाषणात शब्दांचा वाटा अवघा शेकडा ७ असतो. मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे प्रयोग सुटे शब्द, आवाज आणि चेहरा यांवरून आवड-नावड कशी ओळखली जाते, एवढ्यापुरतेच होते. सर्व बोलण्याला तो हिशेब लावू नये, असे त्यांनी स्वतःच बजावले आहे. तेव्हा शब्दांची किंमत कमी समजू नका. आमची चळवळ शब्दांवरच उभी आहे.

अस्पृश्यता म्हणजे तरी काय होती? ती सक्तीने शिकविलेली देहबोलीच होती. पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात कमरेला झाडू बांधून आपली पाऊलखूण आपणच पुसावी, थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे, हे नियम बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या आपल्या निबंधात जगापुढे मांडले. त्रावणकोरात देवळाभोवतालच्या रस्त्याने नुसते चालण्याच्या हक्कासाठी १९२४-२५ साली वायकोमचा सत्याग्रह करावा लागला. आपल्याकडे जोहार घालण्याची रीत, दारात न येता अंगणाच्या कडेला उभे राहण्याची रीत, वाटेत मालक दिसताच सायकलवरून उतरण्याची रीत, या सर्वांना कोणी ‘गावचा रिवाज’ म्हणतो, कोणी ‘मोठ्यांचा मान’ म्हणतो. मान म्हणावे, तर तो दोन्ही बाजूंनी का नव्हता? ऐंशी वर्षांच्या वृद्धाने दहा वर्षांच्या पोराला जोहार घालावा, यात मोठ्यांचा मान कोठे राहिला?

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतील अंतराचे चार वर्ग पाडले. अगदी जिवलगांचे दीड फुटापर्यंत, ओळखीच्यांचे दीड ते चार फूट, व्यवहाराचे चार ते बारा फूट आणि त्यापुढचे सभेचे. हे आकडे आपल्या देशातील काही थोड्या अमेरिकनांना पाहून काढले आहेत, ते साऱ्या जगाला लागू पडत नाहीत, हेही त्यानेच सांगितले. पण त्यातील मुख्य मुद्दा ध्यानात घ्या. दोन मोकळी माणसे नात्यानुसार आपसांतील अंतर ठरवितात. एक पुढे येतो, दुसरा किंचित सरतो, आणि न बोलता दोघांचे जमते. आपल्या गावांत हे अंतर दोघे ठरवीत नव्हते. एक ठरवीत होता, दुसरा पाळीत होता. शिवाय ज्यांना आमच्या सावलीचा विटाळ होई, त्यांच्यापैकीच कित्येकांना आमच्या आयाबहिणींच्या अंगाला हात लावताना विटाळ होत नसे. पाण्याला अस्पृश्य आणि अत्याचाराला स्पृश्य! यावरून हे शास्त्र शुद्धतेचे नसून सत्तेचे होते, हे शेंबडे पोरही ओळखील.

आता कोणी म्हणेल, “झाले ते झाले. आमच्या मुलांनी चांगले कपडे घालावे, ताठ चालावे, म्हणजे लोक आपोआप मान देतील.” त्यांनी १९०१ सालचे मसूर स्टेशन आठवावे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली, नवे कपडे ल्यालेली, नीटनेटकी मुले गाडीतून उतरली. स्टेशनमास्तराने आधी मायेने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो पाठ फिरवून आपल्या खोलीत निघून गेला. त्या मुलांत बाल भीमराव होते. सांगा, त्या फलाटावर देहबोलीचा वर्ग कोणाला हवा होता? मुलांना, की स्टेशनमास्तराला?

मी वकिली करतो. म्हणून माझ्याच हातून घडलेली एक चूक तुमच्यापुढे कबूल करतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी आपल्या समाजातील एका वृद्ध शेतमजुराची साक्ष होती. सकाळी मी त्यांना बजावले, “बाबा, साहेबांपुढे नम्रपणे हात जोडून उभे राहा.” त्यांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. दाराबाहेर चपला काढल्या, पिंजऱ्यात हात जोडून उभे राहिले आणि नजर एकदाही वर केली नाही. समोर आरोपी पायावर पाय टाकून बसला होता. प्रतिपक्षाचे वकील म्हणाले, “साक्षीदार आरोपीकडे पाहूही शकत नाही, यावरूनच तो खोटे बोलतो हे उघड आहे.” निकालपत्रात साक्षीदार ‘अडखळत, नजर चुकवीत’ बोलल्याचा उल्लेख आला आणि आरोपी सुटला. इतर कारणेही होती, ती मी नाकारीत नाही. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही सांगितलं तसाच उभा राहिलो की मी!” त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २८० ने न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वर्तनाविषयी टीप लिहिण्याचा अधिकार दिला होता. २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. तो असण्यास माझी हरकत नाही. माझे म्हणणे इतकेच की, झुकलेली नजर वाचणाऱ्याला ती कोणी झुकविली हेही वाचता आले पाहिजे. शतकांच्या दहशतीने खाली गेलेली नजर आणि खोटेपणाने चुकविलेली नजर लांबून सारख्याच दिसतात. त्यांतला भेद जाणणे हेच न्यायाचे काम. आणि तो भेद न्यायालयापुढे मांडणे हे माझ्यासारख्या वकिलाचे काम होते. ते मी केले नाही.

कायद्याने आपल्या देहाची बाजू घेतली आहे, हे मात्र प्रत्येक घरी ठाऊक असावे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. हॉटेलातील निराळा पेला त्याच कायद्याने गुन्हा ठरतो. असे गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध घडले की, उलट सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. सार्वजनिक जागी पायांत वहाण किंवा अंगावर नवे कपडे घालण्यास, सायकलवर बसण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडविणे हा तेव्हापासून स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. स्त्रीला तिच्या संमतीवाचून लैंगिक हेतूने स्पर्श करणे, तशा खाणाखुणा करणे, हेही त्यात आले. धर्मांतराने हे संरक्षण जाते, असा धाक कोणी घातल्यास त्याला १९९० सालची दुरुस्ती दाखवा. अनुसूचित जातीचा मनुष्य बौद्ध झाला तरी त्या वर्गातच गणला जातो.

पण तक्रार कशी लिहावी? आपले लोक लिहितात, “माझा अपमान केला.” एवढ्याने भागत नाही. मुक्या अपमानाला कागदावर वाचा द्यावी लागते. खुर्ची कोणी ओढली, पेला हातात दिला की दुरून सरकविला, बोटाने कोणती खूण केली, त्या वेळी कोण किती अंतरावर उभे होते, हे सर्व नावनिशीवार लिहा. जाणूनबुजून केलेल्या अपमानाचा गुन्हा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेला प्रकार त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. म्हणून कोणकोणी पाहिले, हे लिहिण्यास विसरू नका.

आता थोडे घरात डोकावू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडास बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलून, जातीची ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले जड दागिने टाकून देण्यास सांगितले. त्यांना देहबोलीचे मर्म आमच्याआधी कळले होते. मग आज आपल्याच घरी सून सासऱ्यासमोर भिंतीला चिकटून का उभी राहते? मुलीने मान वर करून प्रश्न विचारला की ‘उर्मट’ म्हणून तिला गप्प का करतो? नुकत्याच दीक्षा घेतलेल्या दुसऱ्या जातीच्या कुटुंबाशेजारी पंगतीत बसताना आपण किंचित का सरकतो? जे अंतर आम्ही गावाला मोडावयास सांगतो, ते घरात जपणार असू, तर आमची दीक्षा कागदावरच राहिली म्हणावयाची.

कोणी खोचकपणे विचारील, “मग विहारात का वाकता?” वाकण्याशी आमचे भांडण नाही. जेथे न वाकल्यास मार बसतो, तेथील वाकणे गुलामी आहे. जेथे न वाकताही तुमचे माणूसपण अबाधित राहते, तेथील वंदन स्वेच्छेचे आहे. तसेच, उर्मटपणा म्हणजे स्वाभिमान नव्हे. दुसऱ्याच्या अंगावर धावून जाणारा ताठपणा आम्हांला नको. आम्हांला सरळ उभे राहावयाचे आहे, कोणावर चढावयाचे नाही.

राजगृहातील सुनीत भंग्याची कथा तुम्ही ऐकली असेल. भगवान भिक्षूंसह येताना दिसले तेव्हा त्याला लपण्यास जागा सापडेना. त्याने कावड बाजूला ठेवली आणि हात जोडून तो भिंतीला जणू चिकटून राहिला. भगवंतांनी आपली वाट बदलली नाही, की त्याला दूर सरण्यास सांगितले नाही. ते त्याच्याजवळ गेले, त्याच्याशी बोलले आणि त्याला संघात घेतले. आपल्या धम्मात अंतर असे मिटले.

म्हणून सांगतो, आजपासून तीन गोष्टी करा. मुलाला बोलताना समोर पाहण्यास शिकवा. घरी आलेल्या प्रत्येकाला आपल्या बरोबरीच्या आसनावर बसवा. आणि कोर्टात, कचेरीत किंवा चावडीवर जाल तेव्हा चपला पायांतच ठेवा.

जय भीम!