रसशास्त्र-भैषज्यकल्पनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कोणी व कोठून लिहावा?

रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चर्चा निघाली की पहिला वाद तासांच्या वाटणीचा होतो. संहितोक्त भागास किती तास, यंत्रांद्वारे करावयाच्या विश्लेषणास किती, औषधविषयक कायद्यास किती. हा वाद नवा नाही. मिश्र अभ्यासक्रमांना कंटाळून १९६३ मध्ये व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाचा अभ्यासक्रम सुचविला, तेव्हाही भांडण मूलतः वाटणीचेच होते. पुढे १९७० च्या कायद्यान्वये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषद आली. २०२१ मध्ये तिची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. संस्था बदलल्या, नियमावल्या बदलल्या, परंतु कोठल्याही मसुद्यावर चार विद्वान बसले की रकाने तेच आखले जातात : डावीकडे विषय, उजवीकडे तास. तीन वर्षे संपवून बाहेर पडणाऱ्या या वैद्याला स्वतःच्या जबाबदारीवर कोणता निर्णय घेता आला पाहिजे, हा तिसरा रकाना मात्र क्वचितच दिसतो.

प्रस्तुत लेखक स्वतः पदव्युत्तर पदवीधर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. बी.ए.एम.एस. होऊन चिकित्साव्यवसाय करणाऱ्याने एम.डी.च्या अभ्यासक्रमात लक्ष का घालावे, असा प्रश्न काही प्राध्यापक मित्र विचारतात. उत्तर सोपे आहे. या विषयाचा पदवीधर जे औषध संमत करतो ते आमच्या रुग्णाच्या पोटात जाते. अन्य कोठल्याही विषयाच्या पदव्युत्तर वैद्याची चूक बहुधा त्याच्या स्वतःच्या रुग्णापुरती राहते. याची चूक एका बॅचबरोबर शेकडो चिकित्सालयांत पोहोचते. म्हणून हा अभ्यासक्रम केवळ अध्यापकांचा विषय नाही.

एक उदाहरण घेऊन विस्ताराने पाहू. शार्ङ्गधराच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते; गुटिका व लेह एका वर्षानंतर. घृत-तैलाविषयी चार मास की सोळा मास, असा अर्थभेद टीकाकारांतच आहे. इकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब प्रमाणे चूर्णाच्या वेष्टनावर दोन वर्षांची मुदत छापता येते. दोन महिने आणि दोन वर्षे! विद्यार्थी पहिले उत्तर कल्पनांच्या प्रश्नपत्रिकेत लिहितो, दुसरे कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत लिहितो, आणि दोहोंचे पूर्ण गुण मिळवितो. ही दोन विधाने एका तासात एकमेकांसमोर उभी करावीत, असे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. औषधनिर्माता मात्र रोज या दोहोंच्या मध्ये उभा असतो. ग्राहक त्याला शार्ङ्गधर दाखवितो आणि निरीक्षक त्याला नियम दाखवितो.

येथे शास्त्र खरे की कायदा खरा, असा निवाडा अभ्यासक्रमाने देऊ नये. त्याने काम द्यावे. पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला जे शक्य नाही ते येथे शक्य आहे, ते म्हणजे एका औषधाजवळ दीर्घकाळ बसणे. प्रवेश घेताच विद्यार्थ्याने तीन चूर्णे करावीत : क्षारलवणयुक्त म्हणून लवणभास्कर, उडनशील द्रव्ययुक्त म्हणून हिंग्वाष्टक, आणि कषायप्रधान म्हणून त्रिफळा. प्रत्येकाचे भाग काचेच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या डबीत आणि साध्या कागदी पुडीत ठेवावेत. दोन पावसाळे जाऊ द्यावेत. दर महिन्यास गंध, वर्ण व रस पाहावा, आर्द्रता मोजावी, शक्य तेथे उडनशील तेलाचे प्रमाण व जंतुसंख्या पाहावी. अखेरीस त्याने प्रत्येक डबीवर कोणती मुदत छापेन व का, हे सही करून लिहावे. चिपळूणच्या आषाढात उघडलेली लवणभास्कराची डबी आणि लातूरच्या वैशाखातील तीच डबी यांचे भवितव्य एक नसते, हे आपणांपैकी प्रत्येक चिकित्सकास ठाऊक आहे. शार्ङ्गधराने दोन मास म्हटले ते कोणत्या साठवणीत, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याला आपोआप पडेल. ग्रंथाविषयीचा असा जिवंत प्रश्न शंभर तासांच्या व्याख्यानांतून पडत नाही.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात पाव किलो, फार तर एक किलो तेल शेगडीवर सिद्ध होते. कल्क एक भाग, स्नेह चार, द्रव सोळा हे गणित वहीत अचूक असते. कल्काची वात वळते, अग्नीवर टाकल्यास तडतडत नाही, तैलात फेस येतो, घृतात फेस शमतो, ही सिद्धिलक्षणे विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात आणि छोट्या कढईत त्याला ती दिसतातही. परंतु फार्मसीतील वाफेच्या आवरणाच्या दोन-तीनशे लिटरच्या भांड्यात तीच लक्षणे पाहून वाफ बंद केली, तर भांड्याच्या व स्नेहाच्या अंगच्या उष्णतेने पाक पुढे चालूच राहतो आणि मध्यमपाक हातातून निसटून खरपाकाकडे जातो. तेव्हा किती आधी थांबावे, गाळण केव्हा सुरू करावी, कल्क तळाशी बसू नये म्हणून ढवळणे कसे ठेवावे, हे ग्रंथात नाही, कारण ग्रंथकारांसमोर तो प्रसंग नव्हता. अनुभवी कारागिराला ते कळते. एम.डी. झालेल्या वैद्याने ते त्या कारागिराकडून शिकावे, मोजावे आणि लिहून ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे.

काही वर्षांपूर्वी शोधनपूर्व स्नेहपानासाठी एका निर्मात्याकडून घेतलेले पंचतिक्त घृत उघडताच करपट वासाचे निघाले. दोन रुग्णांना ते टिकेना, वमनाचा क्रम पुढे ढकलावा लागला. तक्रार केल्यावर तेथील तज्ज्ञ वैद्यांनी तत्परतेने विश्लेषणपत्र पाठविले. अम्लमूल्य ठीक, परॉक्साइड मूल्य ठीक, सर्व आकडे मर्यादेत. पाक कोणत्या अवस्थेत उतरविला, हे विचारले तेव्हा नोंदच नव्हती. त्या गृहस्थांचे शिक्षण अपुरे होते असे नव्हे. त्यांना जे शिकविले गेले त्यात पाकलक्षण ‘प्राचीन परीक्षण’ या शीर्षकाखाली आणि अम्लमूल्य ‘आधुनिक परीक्षण’ या शीर्षकाखाली होते, आणि व्यवसायात गेल्यावर पहिले शीर्षक गळून पडले. अवलेह व आसवारिष्टांची गोष्टही वेगळी नाही. पुण्याच्या पौषात आणि रत्नागिरीच्या वैशाखात एकाच अरिष्टाचे संधान एकाच दिवशी पुरे होईल, असे मानणारी नोंदवही कोणत्या कामाची?

कच्च्या द्रव्यांच्या ओळखीविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय द्रव्यगुणाचाही आहे. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल येते, नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या येतात, हे सर्वविदित आहे. परीक्षेत मात्र बरणीतील स्वच्छ, निवडक नमुना ओळखण्यास ठेवतात. बाजारातून आलेले पोते उलटून पाहण्याची परीक्षा कोणी घेत नाही.

आता भस्मांकडे वळू, कारण येथे डाव सर्वांत मोठा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शिसे दशलक्षांशी १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ या मर्यादा आज प्रत्येक निर्मात्याला पाठ आहेत. परंतु आपली सार्वजनिक उत्तरे अद्याप ‘नीट मारण केलेले भस्म हा धातू राहत नाही’ एवढ्यावरच थांबतात. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव ही लक्षणे मौल्यवान आहेत यात शंका नाही. पण वारितरत्वाने कणांची सूक्ष्मता व हलकेपणा कळतो, शरीरात किती शिसे शोषले गेले ते कळत नाही. रक्तातील शिशाचा अहवाल हाती घेऊन रुग्ण समोर बसतो तेव्हा त्याला रेखापूर्णत्व सांगून चालत नाही. वनस्पतिज चूर्णात मातीतून वा खलातून आलेले शिसे हा दोष आहे, आणि नागभस्मयुक्त कल्पात ते घटकद्रव्य आहे. हे दोन प्रश्न वेगळे असून त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. मात्रा, कालावधी, रुग्णाच्या वृक्कांची स्थिती, दररोज पोटात जाणारे एकूण प्रमाण या सर्वांचा हिशेब मांडता येणे ही रसशास्त्राच्या पदव्युत्तराची किमान पात्रता असली पाहिजे. विद्युत्भट्टीत पुट दिल्यास तापमान कसे चढते, किती वेळ टिकते व कसे उतरते, याचा आलेख गोवऱ्यांच्या पुटाच्या आलेखाशी ताडून पाहणे हे प्रात्यक्षिक प्रत्येकाने करावे. अनेक प्रबंधांतून असे काम झालेले आहे. ते ग्रंथालयात आहे, अभ्यासक्रमात नाही.

परीक्षा जशी असेल तसे शिक्षण होते. म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यासमोर चांगले औषध ठेवू नये, बिघडलेले ठेवावे. बुरशी धरलेला अवलेह, आंबून शुक्त झालेले अरिष्ट, चंद्रिका राहिलेले अभ्रकभस्म, खरपाकी तैल. सोबत त्या बॅचचे अर्धवट भरलेले नोंदपत्र. दोष कोणता, कोणत्या पायरीवर घडला, हे औषध बाजारात सोडावे, पुन्हा संस्कारित करावे की नष्ट करावे, आणि मालक ‘सोडा’ म्हणाला तर त्याला लेखी काय उत्तर द्यावे, हे त्याने दोन तासांत लिहावे. शेवटचा प्रश्न काहींना अभ्यासक्रमाबाहेरचा वाटेल. नियमावलीनुसार उत्पादनावर पात्र तांत्रिक व्यक्तीची देखरेख बंधनकारक आहे आणि ही व्यक्ती अनेकदा आपलाच तरुण पदवीधर असतो. काही ठिकाणी तर त्याचे फक्त नाव कामावर असते. तेव्हा हा प्रश्न त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षीच पडणार आहे.

यावर औषधनिर्माते बंधूंचा आक्षेप परिचित आहे. ‘महाविद्यालयांतून येणाऱ्या एम.डी.ला आम्हीच सहा महिने शिकवितो, मग अभ्यासक्रम आम्हालाच लिहू द्या.’ हेही मान्य होण्यासारखे नाही. अभ्यासक्रम निर्मात्यांच्या सोयीने लिहिला गेला तर त्यातून कुशल पर्यवेक्षक निघतील, पण बॅच नाकारण्याचे धैर्य असलेला वैद्य निघणार नाही. मसुदा अध्यापकांनीच लिहावा. मात्र त्यांच्या शेजारी एक निर्माता, एक विश्लेषक आणि औषध रोज वापरणारा एक चिकित्सक बसलेला असावा. नगरचे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ लिहिले ते औषधे करणाऱ्या व देणाऱ्या माणसाने लिहिलेले पुस्तक आहे, म्हणून ते आजही आपल्या टेबलावर असते. ही तिन्ही कामे आज एका माणसात मिळणार नाहीत, निदान एका बैठकीत तरी मिळावीत.

बैठक होईल तेव्हा होईल. तोवर निर्मात्यांकडून एका गोष्टीची अपेक्षा करता येते, आणि तिला फारसा खर्च नाही. आपल्याकडे नाकारलेल्या वा परत आलेल्या प्रत्येक बॅचचा अर्धा किलो नमुना नष्ट न करता, व्यापारी नाव काढून, पाकाच्या व साठवणीच्या खऱ्या नोंदीसह जवळच्या पदव्युत्तर विभागास द्यावा. कृतीचे गुपित त्यात उघड होण्याचे कारण नाही. चिकित्सकांनीही बिघडलेले औषध दुकानदाराकडे नुसते बदलून न घेता बॅच क्रमांक, उघडल्याची तारीख आणि ते कोठे ठेवले होते, एवढे एका कागदावर लिहून सोबत द्यावे. प्रस्तुत लेखकाने मागील श्रावणापासून चिकित्सालयात अशी वही ठेवली आहे. तिच्यात आतापर्यंत सर्वाधिक नोंदी घृतांच्या आहेत.