ओला सोफा आणि गच्चीचे कुलूप

पावसाळा सरत आला की बालरुग्ण विभागात एक तक्रार हमखास येते. मूल दिवसभर ठीक असते. रात्री गादीला पाठ टेकली की खोकला आणि सकाळी उठल्याबरोबर शिंका. पालक बाहेरच्या धुळीला किंवा फ्रिजच्या पाण्याला दोष देतात. पण अनेकदा कारण घरातच, गादीत आणि सोफ्यात दडलेले असते.

गादी, सोफा, गालिचा यांत ‘डस्ट माइट’ हे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात. ते चावत नाहीत; त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे ॲलर्जी असलेल्यांना सर्दी, दमा, इसब यांचा त्रास होतो. घरातली धूळ आणि ॲलर्जी यांमधला हा दुवा नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिला. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून घेतात. आर्द्रता सतत ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. वसईच्या पावसाळ्यात ती बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणूनच किनारपट्टीवर स्वच्छतेचा अर्थ धुण्याइतकाच वाळवण्याशी जोडलेला आहे.

नेमके इथेच चुकते. ऐन पावसात सोफा किंवा गालिचा शॅम्पूने धुऊन घेतला जातो. वरचे कापड सुकते, आतला फोम ओलाच राहतो. अशा ओलीत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. मग कुबट वास झाकायला सुगंधी फवारे येतात आणि दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आणखी चिडते.

घटस्थापनेआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन कडक उन्हात टाकण्याची आपली रीत आरोग्याच्या दृष्टीने अगदी योग्य होती. गोधडी, सतरंजी दोरीवर टाकता येत असे. सातिवलीसारख्या ठिकाणी आता इमारतीतल्या छोट्या खोलीतही मोठा सोफा असतो आणि वाळत घालायला जागा नसते. गच्चीला कुलूप, बाल्कनीत कपडे टाकायला मनाई. इमारतीची शोभा जपणारा हा नियम रहिवाशांच्या फुप्फुसांना महाग पडतो. सोसायट्यांनी उघडिपीच्या दिवसांत गच्ची पाळीपाळीने खुली करावी. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

घरात करण्याजोगेही बरेच आहे. कायमच्या अंथरलेल्या गालिच्याऐवजी सतरंजी किंवा उघडी फरशी बरी. सोफा घेताना कव्हर काढून धुता येतील असा घ्यावा आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. झाडलोट ओल्या फडक्याने करावी. सोफा धुवायचाच असेल तर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी मात्र टाकूनच द्यावी. त्या पाण्यात सांडपाणीही मिसळलेले असते.

एक सावधगिरी. कितीही साफसफाई केली तरी ती औषधाची जागा घेत नाही. मुलाचा इन्हेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. औषध चालू ठेवावे आणि गच्चीच्या किल्लीचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडावा.