कोश कोणासाठीं ?

मराठींत कोशांचा दुष्काळ आहे असें कोणी म्हणणार नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं निघाला. 1857 सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली व तींत सुमारें 60,000 शब्द आले. त्या ग्रंथाची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु ज्या परक्या प्रौढांस या देशाचा कारभार हांकावयाचा होता त्यांच्या गरजेंतून तो निघाला, हेंही विसरतां येत नाहीं. द्विभाषी कोश ही अधिकाऱ्याच्या किंवा पंडिताच्या मेजावरची वस्तु, ही समजूत तेव्हांपासून आमच्या सुशिक्षित वर्गांत जी रुजली ती आजतागायत हललेली नाहीं. या समजुतीचें फळ ज्यास पाहावयाचें असेल त्यानें यवतमाळ जिल्ह्याकडे दृष्टि वळवावी.

या जिल्ह्यांतील केळापूर, मारेगांव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांस पोड म्हणतात. कोलामी ही मराठीचीच एक अपभ्रष्ट बोली, असा पुष्कळांचा समज आहे व तो निखालस चुकीचा आहे. ती तेलुगु-गोंडीच्या द्राविडी कुळांतील स्वतंत्र भाषा असून 2011 च्या खानेसुमारींत देशांतील तिचे भाषक सुमारें सव्वा लाख भरले. विद्वानांचें तिच्याकडे लक्ष गेलें नाहीं असेंही नाहीं. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या 1906 सालच्या चौथ्या खंडांत ती आहे. एमेनो यांनीं 1955 सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठामार्फत तिचें व्याकरण शब्दसंग्रहासह प्रसिद्ध केलें. आणि बरो व एमेनो यांच्या 1961 सालच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशांत तिचे शब्द तमिळ-कानडीच्या पंक्तीस बसले. म्हणजे कोलामी शब्द ऑक्सफर्डास पोंचले. परंतु पोडावरच्या शाळेंत सहा वर्षांचें पोर ‘ईर’ म्हणालें म्हणजे तें पाणी मागत आहे, आणि ‘एल्ला’ म्हणजे घर, एवढेंही जर बदलून आलेल्या गुरुजींस ठाऊक नसेल, तर त्या विद्वत्तेचा त्या पोरास काय उपयोग ?

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, मराठी कानांवर पडतां पडतां मूल ती आपोआप शिकेल. दोन भाषा एकदम दिल्या तर तें गोंधळून जाईल. असें म्हणणाऱ्यांनीं गेल्या साठ वर्षांचें संशोधन नजरेखालून घातलेलें दिसत नाहीं. वर्कर व टीस या कॅनडांतील संशोधकांनीं 1984 सालीं दाखवून दिलें कीं, इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बालकांस हिंदींतील त आणि ट यांचा भेद कळतो, व वर्ष भरतां भरतां तो कळेनासा होतो; कारण घरच्या भाषेनें कान घडविलेला असतो. तेव्हां शाळेंत पाऊल टाकणारें कोलाम मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. पील व लँबर्ट यांस 1962 सालीं माँट्रिऑल येथें आढळलें कीं, दोन्ही भाषा चांगल्या अवगत असलेलीं दहा वर्षांचीं मुलें बुद्धिमापनांत एकभाषी मुलांच्या मागें तर नव्हतींच, उलट पुढें होतीं. गोंधळाची भीति तेथेंच निकालांत निघते.

परंतु कोशाशीं सर्वांत निकट संबंध आहे तो 1993 सालच्या एका अभ्यासाचा. बार्बरा पियर्सन व त्यांचे सहकारी यांनीं मायामींतील स्पॅनिश-इंग्रजी बालकांचे शब्द मोजले. एकाच भाषेंत मोजल्यास असें मूल मागासलेलें भासतें. दोन्ही भाषांत मिळून त्यास किती कल्पनांसाठीं शब्द येतात हें पाहिलें, म्हणजे तें एकभाषी मुलांच्या बरोबरीचें ठरतें. आतां हें मोजावयाचें तर दोन्ही भाषांतील शब्द समोरासमोर मांडलेली यादी हवी. आणि अशी यादी म्हणजेच द्विभाषी कोश. तो नसेल तेथें, समजा, शंभर गोष्टी जाणणाऱ्या मुलाच्या खात्यावर वीसच जमा होतात, व उरलेल्या ऐंशींचें खापर त्याच्याच डोक्यावर फुटतें.

चुकांचेंही तसेंच आहे. मराठींत लिंगें तीन. कोलामींत नामांचे पुरुषवाचक आणि इतर असे दोनच वर्ग, व स्त्रियांचीं नामें त्या ‘इतरां’त मोडतात. तेव्हां कोलाम मुलानें मराठी लिंगांत घोटाळा केला तर तो बुद्धीचा दोष नसून दोन व्याकरणांचा झगडा आहे. कोशाच्या प्रारंभीं दोन पानांत एवढें सांगितलें, तरी वहींतील किती लाल फुल्या वांचतील !

कोणी म्हणतील, कोलामीस लिपि कोठें आहे ? लिपि भाषेबरोबर जन्मास येत नाहीं. मराठीनें मोडी चालविली, देवनागरीही चालविली. तीच देवनागरी कोलामीसही चालेल. कोणी खर्चाची व व्यवहाराची अडचण सांगतील. त्यांनीं पैनगंगेपलीकडे पाहावें. 2004 सालीं आंध्र प्रदेशानें आठ भाषांत आदिवासी मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम आरंभिला. त्यांत आदिलाबादकडची कोलामीही होती. नदीच्या एका तीरावर जें सुचलें तें दुसऱ्या तीरावर अशक्य कसें ? आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळण्याची सोय करावी, असें संविधानाचें 350-अ कलम 1956 पासून सांगत आहे.

खरी अडचण पैशाची नसून मनाची आहे. यवतमाळांत 1973 सालीं साहित्य संमेलन भरलें, 2019 सालीं पुन्हां भरलें. त्या वेळीं इंग्रजींत लिहिणाऱ्या लेखिकेनें मराठी संमेलनाचें उद्घाटन करावें कीं नाहीं, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. 2024 सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनीं केला व तो योग्यच होता. परंतु स्वभाषेचा मान जगाकडून मागणाऱ्यानें शेजारच्या लेंकराच्या मातृभाषेचा मान आधीं राखावा, हा साधा न्याय आहे. मौज अशी कीं, द्विभाषी कोशाचा बालकांस उपयोग होतो हें आमच्या मध्यम वर्गास पक्कें ठाऊक आहे. दोन वर्षांच्या मुलापुढें ‘सफरचंद’ आणि ‘ॲपल’ शेजारीं छापलेलें चित्रांचें पुस्तक ठेवण्यास आमचीं घरें चुकत नाहींत. तेंच साधन कोलामीसाठीं मागितलें कीं तेवढें तें अव्यवहार्य ठरतें !

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. हजार-दीड हजार शब्दांचा, देवनागरींतील, सचित्र कोलामी-मराठी कोश प्रत्येक पोडावरच्या शाळेंत व अंगणवाडींत असावा. कोलाम आया-आज्यांजवळ बसून तो रचावा, आणि बाळाच्या तोंडीं जे शब्द प्रथम येतात त्यांपासूनच त्याचा आरंभ व्हावा. जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीं हें काम अंगावर घ्यावें. पदवीसाठीं लिहिल्या जाणाऱ्या कित्येक प्रबंधांहून तें अधिक मोलाचें ठरेल. मुलाच्या तोंडचा शब्द समजून घेण्याचें साधन शाळेनें आधीं मिळवावें, आणि मगच त्याची परीक्षा घ्यावी.