अभ्यासपूर्ण जुगार

जुगाराचा निषेध करण्यासाठीं लेखणी उचलण्याचें वस्तुतः कारण नाहीं. जुगारी आपलें कर्म लपवून करतो, आणि त्या लपविण्यांतच त्याची कबुली असते. परंतु तेंच कर्म अभ्यासाचें नांव धारण करून वडीलधाऱ्यांसमोर उजळ माथ्यानें वावरूं लागलें, म्हणजे शिक्षकानें स्वस्थ बसणें बरें नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत संगणकाच्या धंद्यांत चांगल्या नोकरीवर आहे. नाताळच्या सुटींत भेटावयास आला असतां त्यानें सांगितलें कीं, एनव्हिडिया कंपनीचे शेअर तो चार-आठ दिवस, फार तर पंधरवडाभर ठेवतो आणि भावाच्या हेलकाव्यावर नफा काढतो. ह्यास 'स्विंग ट्रेडिंग' म्हणतात. "सर, हा सट्टा नव्हे, मीं ह्या कंपनीचा अभ्यास केला आहे," असें त्याचें म्हणणें.

अभ्यास त्यानें केला आहे, हें मला मान्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेस लागणाऱ्या चिप्स ही कंपनी कशा आखते, तिचीं गिऱ्हाइकें कोण, हें तो माझ्याहून शतपट जाणतो. माझा आक्षेप इतकाच कीं, हें ज्ञान वर्षांच्या हिशेबाचें आहे आणि त्याची पैज दिवसांची आहे.

२०२५ च्या जानेवारीची गोष्ट घ्या. शुक्रवारीं, ता. २४ रोजीं, बाजार बंद होतांना ह्या शेअरचा भाव १४२ डॉलरांच्या वर होता. डीपसीक ह्या चिनी कंपनीनें अल्प खर्चांत उत्तम काम साधल्याची वार्ता पसरली, आणि सोमवारीं एका दिवसांत भाव १७ टक्क्यांनीं कोसळला. मंगळवारीं तो सुमारें ९ टक्के चढला. ह्या दोन दिवसांत बदलला तो केवळ लाखों माणसांचा अंदाज. आणि इतरांच्या उद्यांच्या अंदाजाचा अभ्यास कोणत्या विद्यापीठांत होतो?

"भाव अमुक एका मर्यादेखालीं गेल्यास विकावें, अशी आज्ञा आम्ही आधींच देऊन ठेवतों," असें उत्तर मिळतें. पण १३५ ची मर्यादा घालून जो शनिवार-रविवार निश्चिंत झोपला, त्याचा शेअर सोमवारीं १२५ च्या आसपास गेला. कारण बाजार उघडला तोच त्या भावाला! आणि मंगळवारच्या चढतीचा लाभ घेण्यास तो बाजारांत उरलाच नव्हता. शिवाय शंभराचे त्र्याऐंशी होण्यास १७ टक्क्यांची उतरण पुरते. त्र्याऐंशीचे पुन्हां शंभर होण्यास मात्र २० टक्क्यांहून अधिक चढ लागतो.

ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन ह्या कॅलिफोर्नियांतील प्राध्यापकांनीं १९९१ ते १९९६ ह्या काळांतील ६६,४६५ अमेरिकन कुटुंबांचे व्यवहार तपासून २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांत अधिक उलाढाल करणाऱ्यांस वर्षाकाठीं ११.४ टक्के मिळाले. बाजारानें दिले १७.९ टक्के. तेव्हां दलाली जबर होती, आतां तेथें ती बहुतेक ठिकाणीं उरली नाहीं, हें खरें. पण खरेदीच्या व विक्रीच्या भावांतील अंतर उरलें आहे. आणि वर्षाच्या आंत मिळविलेल्या नफ्यावर त्यास तेथें पगाराच्याच दरानें कर भरावा लागतो.

पैशाची हानि भरून येईल. न्यूयॉर्कचा बाजार हिवाळ्यांत आपल्याकडील रात्रीं आठ वाजतां उघडतो. त्या दिवशीं आठ वाजले, आणि वर्षानें घरीं आलेला हा मुलगा आईनें वाढलेल्या पानावर बसून हातांतील फोनकडे पाहूं लागला. ती माउली दोनदां कांहीं विचारून गप्प झाली. हा तोटा कोणत्या वहींत मांडावयाचा?

कंपनीवर विश्वास असेल, तर शेअर घेऊन दहा वर्षें ठेवावा. नसेल, तर घेऊं नये. आणि पैजच लावावयाची असेल, तर तिला पैज म्हणावें. 'अभ्यास' हा शब्द आम्हां शिक्षकांस परत करावा.