ओळख वर्गाबाहेर होते

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीय सर्वाधिक आहेत. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. तरीही दोन वर्षं राहून एकाही जर्मन घराचा उंबरा न ओलांडणारे त्यांत आहेत. दोष तिथल्या अबोल स्वभावाला दिला जातो. आम्हाला हे कारण अपुरं वाटतं. इंग्रजी माध्यमाच्या पदव्युत्तर वर्गात बहुधा परदेशीच जास्त. स्थानिक तरुण भेटतात ते ‘फेराइन’मध्ये, म्हणजे मंडळांमध्ये. सात जण जमले की तिथे मंडळाची नोंदणी करता येते, आणि गायनापासून हँडबॉलपर्यंत कशाचंही मंडळ असतं. एकत्र काम करताना ओळखी होतात, हे गणेशोत्सवात मांडव घातलेल्यांना वेगळं सांगायला नको. सराव संपल्यावर जाळी गुंडाळायला थांबलं, की बोलणं आपोआप सुरू होतं.

वेळ नाही, हा आक्षेप खोटा नाही. डोक्यावर कर्ज, हाताला अर्धवेळ काम, वर परीक्षा. पण प्रश्न आठवड्यातल्या दोन तासांचा आहे, आणि विद्यापीठांच्या क्रीडावर्गांची फीही माफक असते. भाषेची अडचण त्याहून मोठी. मात्र ‘भाषा आली की मिसळू’ म्हणणाऱ्याला ती बोलायला माणसंच मिळत नाहीत. म्हणून ‘टँडेम’, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवणं, पहिल्याच सत्रात सुरू करावं. जिथे रंगावरून अपमान होतो, तिथून मात्र खुशाल उठून यावं. तो सोसणं हे विद्यार्थ्याचं काम नव्हे. आणि आपली माणसं सोडा, असंही आमचं म्हणणं नाही. रविवारच्या वरणभाताला शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलीचंही एक ताट वाढता येतं.