गाडी कुणाच्या हाताची?

आपल्या घरांत ड्रायव्हर पुष्कळ. कुणी एस.टी.वर, कुणी रिक्षावर, कुणी ट्रकवर. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, दुसऱ्याच्या हाताची गाडी पहिल्याच दिवशी आपल्या हाती बसत नाही. क्लच कुठे उचलतो, ब्रेक किती दाबला की लागतो, स्टिअरिंग कोणीकडे ओढते, हे कळायला चार दिवस जातात. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांच्या शर्यतीत, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये, २०२५ साली एका तरुणाला हे चार दिवससुद्धा मिळाले नाहीत. त्याची हकिकत आम्ही मुद्दाम आई-वडिलांसाठी सांगत आहोत.

न्यूझीलंडचा लियम लॉसन तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याआधीच्या दोन वर्षांत दुसऱ्यांच्या रिकाम्या जागी बसून तो अकरा शर्यती धावला होता. पहिला पूर्ण हंगाम त्याला मिळाला तो रेड बुल या बलाढ्य संघात. जोडीला होता मॅक्स व्हर्स्टापेन, २०२१ ते २०२४ असा सलग चार वेळा जगज्जेता झालेला.

गाडी दोघांची सारखीच, पण ती होती मोठी अवघड. वळणाआधी ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. व्हर्स्टापेनला अशी गाडी आवडते, की जिचे तोंड स्टिअरिंग जरा फिरवताच वळते. तिची मागची बाजू घसरू लागली तर तो ती सावरून घेतो. वर्षामागून वर्षे तीच गाडी त्याच्या हातून जिंकत गेली आणि त्याच अंगाने वाढत गेली. पूर्वी तिच्यात बसलेल्या अलेक्स अल्बनने कॉम्प्युटरच्या माऊसचा दाखला दिला होता. माऊसचा वेग शेवटपर्यंत वाढवून ठेवला, तर हात थोडा हलताच पडद्यावरचा बाण भलतीकडे जातो. ती गाडी तशीच आहे, असे त्याचे म्हणणे.

नव्या माणसाने अशा गाडीत काय करावे? ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडावा. स्टिअरिंगला झटका देऊ नये. मागची चाके जमिनीला धरेपर्यंत अॅक्सिलरेटरवर पाय जपून ठेवावा. सांगायला हे सोपे आहे. पण जन्मभराची सवय मोडून नवी लावायची, म्हणजे सराव हवा. हंगामापूर्वी सराव होता बहरीनमध्ये तीन दिवस, संघाला गाडी एकच, तीही दोघांत वाटून. पुढे मेलबर्नला गाडी बिघडल्याने सरावाचा शेवटचा तास बुडाला. तिथे पात्रता फेरीत लॉसन अठरावा आला आणि १६ मार्चच्या शर्यतीत पावसात गाडी आदळून बाद झाला. पुढच्या आठवड्यात शांघायला पात्रता फेरीत तो विसावा, म्हणजे शेवटचा आला. २७ मार्चला संघाने त्याला गाडीतून उतरवले. दोन शर्यतींत निकाल लागला.

भगवान बुद्धांच्या काळी सोण नावाचा एक भिक्खू होता. साधना करताना चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? आणि फार सैल सोडल्या तर? त्याचे कष्ट कमी नव्हते, तार बेताची लावणे राहिले होते. लॉसनचेही असेच झाले. मागे पडला म्हणून तो जास्त जोर लावू लागला, आणि जितका जोर लावला तितकी गाडी निसटत गेली.

पण मग दोष एकट्या लॉसनचा काय? त्याच संघातून २०१९ साली पियर गॅसलीला बारा शर्यतींनंतर काढले होते. त्याच्या जागी आलेल्या अल्बनची जागा २०२० अखेर गेली. अनुभवी सर्जिओ पेरेझ २०२४ साली आठवा राहिला, तेही व्हर्स्टापेन त्याच संघातून जगज्जेता होत असताना! लॉसनच्या जागी बसवलेला युकी त्सुनोदा, त्यालाही वर्षअखेर जागा सोडावी लागली. एक पडला तर माणूस कच्चा म्हणू. एकामागून एक पाच पडले, तर गाडी कुणाच्या हातासाठी बांधली आहे, हे विचारायला नको काय?

उतरवल्यावर त्यांचे काय झाले, तेही पाहा. रेड बुलच्याच धाकट्या संघाच्या गाडीत गॅसलीने २०२० साली इटलीची शर्यत जिंकली. लॉसनही त्याच धाकट्या संघात परतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला पाचवा आला.

‘मेरिट नाही’ हे शब्द आपल्या घरांना नवे नाहीत. लॉसनला कुणी पाणी नाकारले नव्हते, म्हणून त्याची आणि आपली बरोबरी आम्ही करीत नाही. परदेशातून मोठी विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. परंतु आजही घरातला पहिला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाते, तेव्हा ते कॉलेज बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या हाताची गाडी असते. शिकवणे इंग्रजीत, घरी विचारायला कुणी नाही, आणि पहिल्याच सहामाहीत एटीकेटी लागली की सगळे म्हणतात, हिच्याने होणार नाही.

आई-वडिलांनो, निदान तुम्ही तरी तसे म्हणू नका. नेमके काय अडते ते जवळ बसवून विचारा. आपल्या वस्तीत त्याच वाटेने पुढे गेलेला कुणी दादा, कुणी ताई असेल, तर त्यांच्याकडे तिला घेऊन जा. गाडीला दोष देऊन घरी बसणेही चालणार नाही, हात बसवावा लागतोच. ती शाखा किंवा ते कॉलेज बदलावे लागले, तरी हार मानू नका. आणि आपल्यापैकी जे ऑफिसात, कारखान्यात, शाळेत जुने झाले आहेत, त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. नवा माणूस आला की त्याला क्लच कुठे उचलतो ते आधी सांगा, निकाल मग लावा.

जय भीम!