नऊ तासांचे शहर

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा भलामोठा संदेश आला. हा मुलगा आमच्या बुऱ्हाणपूरचा. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात समोरचा बोलेल ती भाषा, अशा आपल्या सर्वांच्याच रीतीने वाढलेला. आज तो अमेरिकेत स्थायिक आहे. जपान, व्हिएतनाम आणि सिंगापूर असा महिनाभराचा प्रवास आटोपून परत जाताना त्याला फ्रँकफुर्ट येथे विमान बदलायचे होते. मध्ये नऊ तासांचा अवकाश होता. तेवढ्यात तो विमानतळावरून आगगाडीने शहरात गेला, माइन नदीच्या काठाने हिंडला आणि परत विमानात जाऊन बसला. जपानच्या देवळांविषयी त्याने भरभरून लिहिले होते. फ्रँकफुर्टच्या वाट्याला मात्र चारच वाक्ये आली होती : "सर, युरोप म्हणून पाहायला गेलो, पण विशेष काही नाही. उंच इमारती बँकांच्या. जुनी घरे म्हणून जी दाखवतात, ती सगळी अलीकडे बांधलेली. एका कवीचे घर होते, पण तिकीट होते म्हणून आत गेलो नाही."

संदेश वाचून प्रथम हसू आले आणि मागाहून थोडी रुखरुख लागली. ज्याच्या दारावरून हा परतला तो कवी गटे. तो २८ ऑगस्ट १७४९ रोजी याच घरात जन्मला. कालिदासाच्या शाकुंतलाचे विल्यम जोन्सने केलेले इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले आणि त्यावरून गेऑर्ग फोर्स्टरने केलेले जर्मन भाषांतर १७९१ मध्ये गटेच्या हाती पडले. ते वाचून तो इतका मोहून गेला की त्याने शकुंतलेवर स्तुतीच्या ओळी लिहिल्या. त्याच्या 'फाउस्ट' नाटकाच्या आरंभीचा रंगमंचावरील प्रवेशही शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचला असे अभ्यासक मानतात. ज्या शाकुंतलाने १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हातून मराठी संगीत रंगभूमीला बहर आणला, त्याच शाकुंतलाचा हा दूरदेशीचा चाहता! आणि ती घरे "अलीकडे बांधलेली" का, तर मार्च १९४४ मधील बॉम्बहल्ल्यांत जुने शहर जवळजवळ भुईसपाट झाले. गटेचे घरही पडले. पण घरातील सामान लोकांनी आधीच सुरक्षित स्थळी हलवून ठेवले होते. युद्ध संपल्यावर त्यांनी ते घर पुन्हा जसेच्या तसे उभारले आणि १९५१ मध्ये ते लोकांसाठी उघडले. स्वतःला राहायला छप्पर नसताना कवीचे घर आधी बांधायला घेणारी माणसे त्या शहरात होती. हे पाहण्यासारखे नव्हे काय?

पण त्या मुलाला बोल लावण्यापूर्वी मला आमच्याच गावी चारशे वर्षांपूर्वी येऊन गेलेले पाहुणे आठवले. बुऱ्हाणपूर हे वाटेवरचे शहर आहे. सुरतेच्या बंदरातून आग्र्याला जायचे तर तापीच्या काठाने येऊन येथे मुक्काम करायचा, बैल बदलायचे, धान्य भरायचे आणि सातपुडा ओलांडून पुढे जायचे. रॅल्फ फिच हा इंग्रज १५८४ मध्ये, फारुकी सुलतानांच्या अमदानीत, येथून गेला. त्याच्या ध्यानात राहिली ती मातीची, गवताने शाकारलेली घरे आणि आठदहा वर्षांच्या मुलांची लग्ने. पुढे नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो येथे आला आणि सुमारे दोन आठवडे राहिला. त्याला सरायीतल्या भट्टीसारख्या खोल्या दिल्या गेल्या. त्या काही त्याला मानवल्या नाहीत. त्या वेळी येथे जहांगीराचा पुत्र परवेज सुभेदार होता. त्याच्या दरबारात रोला जमिनीला डोके लावण्यास सांगितले. त्याने नकार दिला आणि बसायला आसन मागितले. ते मिळाले नाही. अखेर एका खांबाला टेकून उभे राहण्याची परवानगी तेवढी पदरात पडली. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी होती. शाहजाद्याने खाजगीत भेटीचे वचन दिले खरे, पण त्या बाटल्यांनी आपले काम चोख केले आणि ती भेट राहूनच गेली. मग रोला ताप भरला. त्याने रोजनिशीत लिहून ठेवले की शाहजादा, खानखानान आणि आणखी थोड्या लोकांची घरे सोडली तर या शहरात सगळी मातीचीच घरे आहेत.

ही नोंद खोटी नाही, फ्रँकफुर्टविषयीची माझ्या विद्यार्थ्याची नोंदही खोटी नाही. पण वाचकहो, आता दुसरी बाजू ऐका. ज्या खानखानानाचे नाव रोने लिहिले, तो म्हणजे दोह्यांचा कर्ता अब्दुर्रहीम. त्याच्याच काळात तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने या शहराला पाणी पुरविण्याची योजना आखली. ती १६१५ सालची मानली जाते. म्हणजे रो ज्या वर्षी येथे मातीच्या भिंती मोजत होता, त्याच वर्षाचे हे काम. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवायचे, बोगद्यात घ्यायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणायचे. बोगद्यात हवा खेळावी आणि डागडुजीसाठी माणसाला उतरता यावे म्हणून ठराविक अंतरावर विहिरीसारखी कुंडी खोदायची. अशा शंभरावर कुंड्या येथे आहेत. ना मोट, ना रहाट, ना पंप. यालाच आपण कुंडी भंडारा म्हणतो. खूनी भंडारा हे त्याचे दुसरे नाव. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव घातले गेले. जमिनीच्या पोटातील हे वैभव सरायीतून दिसणारे नव्हते.

रोनंतर काही वर्षांनी तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथे येऊन गेला. त्यालाही शहर पडझड झालेले दिसले. पण तो व्यापारी असल्यामुळे त्याने कापड पाहिले. येथील तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, तिला रंगीत फुले आणि सोन्यारुप्याचे पट्टे असतात, असे त्याने लिहून ठेवले. शहर तेच. राजाच्या वकिलाला मानापमान दिसला, व्यापाऱ्याला माल दिसला. थोड्या मुक्कामाचा प्रवासी आपल्या पोतडीत जे घेऊन येतो तेच बहुधा त्याला गावात सापडते.

मग माझ्या विद्यार्थ्याच्या पोतडीत काय होते? येथे मला कबुली दिली पाहिजे. ती पोतडी भरण्याचे काम माझे होते. आमच्या शाळेच्या सहली अजिंठ्याला गेल्या, ओंकारेश्वरला गेल्या. गावाबाहेर हाकेच्या अंतरावर असलेल्या कुंडी भंडाऱ्यात एकही तुकडी कधी उतरली नाही. मी स्वतः पहिल्यांदा खाली उतरलो तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तेही बाहेरगावच्या पाहुण्याने हट्ट धरला म्हणून. लिफ्टमधून खाली गेल्यावर वरचा उकाडा एकदम सरला. घोट्याभोवती गार पाणी वाहत होते आणि भिंतींवर शतकांचा क्षार साचून पांढरा झाला होता. पाहुण्याने विचारले, "गुरुजी, हे पाणी कुठून येते?" मला सांगता आले नाही. जन्म या गावात गेला आणि मी तेथे सरायीतल्या प्रवाशासारखा उभा होतो.

ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. पुण्याचे आप्त लग्नकार्यात भेटले की हमखास विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले? मग इकडे परत कधी येणार?" जणू आपण सारे वाटेत गाडी बदलण्यासाठी थांबलो आहोत! १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. कोणाचे पूर्वज दफ्तराबरोबर आले, कोणाचे फौजेबरोबर, कोणाचे नंतर रेल्वेच्या नोकरीत. मुक्कामाला आले आणि राहिले. त्या प्रश्नाचा पूर्वी मला राग येई. आता वाटते, प्रश्नात थोडे तथ्य आहे. पिढ्यान् पिढ्या एका गावात राहूनही त्या गावाचे पाणी कुठून येते हे ठाऊक नसेल, तर आपला मुक्काम अजून सरायीतच आहे.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर लिहिले. रागावलो नाही. गटे, शाकुंतल आणि १९४४ एवढे कळवले आणि एक सूचना केली : पुढच्या वेळी नऊ तास मिळाले तर नऊ ठिकाणे पाहू नकोस. एकाच ठिकाणी जा आणि तेथल्या एखाद्या वृद्धाला विचार, "या गावात बाहेरच्यांना दिसत नाही असे काय आहे?" त्याचे उत्तर आले, "सर, दिवाळीला येतो आहे. कुंडी भंडारा मीही पाहिलेला नाही." मी त्याला लिहिले की तू येईपर्यंत थांबणार नाही. येत्या शनिवारी नववीच्या दोन तुकड्या घेऊन मी खाली उतरतो आहे आणि या खेपेस प्रश्नाचे उत्तर पाठ करून जाणार आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, तंजावर, जेथे जेथे हा अंक पोहोचतो तेथील वाचकांनी आपापल्या गावातील असे एखादे न पाहिलेले ठिकाण पाहून यावे आणि चार ओळी कळवाव्यात. पुढील एखाद्या पत्रात त्यांतील काही अवश्य घेईन.